वजनरहित अवस्थेतलं शौचालय: नुसत्या हवेच्या झोताने का भागत नाही?

विचारलेले प्रश्न तीन आहेत. अंतराळयानातलं शौचालय म्हणजे शेवटी व्हॅक्यूम क्लीनरच ना? मग त्यावर कोट्यवधी डॉलर का खर्च होतात? आणि बाहेर निर्वात पोकळी असताना सगळं सरळ तिकडेच का सोडून देत नाहीत?

वजनरहित अवस्थेत चालणाऱ्या द्रव-यंत्रणांवर मी बरीच वर्षं काम करतो आहे, आणि त्यातला मोठा भाग लघवी आणि सांडपाणी हाताळणाऱ्या यंत्रणांचा आहे. त्यामुळे उत्तर जरा लांबणार, पण एकदा सगळं सांगून टाकतो.

संडासात जे काही घडतं त्यातलं बहुतेक काम पृथ्वीवर गुरुत्वाकर्षण करत असतं, आणि ते इतकं मुकाट्याने करतं की ते काम आहे हेच आपल्या लक्षात येत नाही. एक, माणूस बसला की बसलेला राहतो. दोन, शरीरातून बाहेर आलेली गोष्ट शरीरापासून सुटते. तीन, सुटलेली गोष्ट एका ठरलेल्या दिशेने जाते. चार, खाली पाणी आणि वर हवा अशी आपोआप वाटणी होते. व्हॅक्यूम क्लीनरची उपमा यातल्या फक्त तिसऱ्या कामाला लागू पडते, आणि चारही कामांत तेच सगळ्यात सोपं आहे. खरी झटापट दुसऱ्या आणि चौथ्या कामाशी असते.

आधी सुटण्याबद्दल बोलू. काचेच्या पट्टीच्या खालच्या बाजूला पाण्याचा बारीक थेंब लावा. तो पडत नाही. थेंब मोठा करत गेलात की एका मापाला तो लोंबतो आणि सुटतो. पृष्ठताण आणि गुरुत्व यांची जिथे बरोबरी होते ते माप पाण्यासाठी पृथ्वीवर साधारण २.७ मिलिमीटर आहे. त्याहून लहान जगात पृष्ठताणाचं राज्य, मोठ्या जगात गुरुत्वाचं. आता अंतराळस्थानकात जा. ते सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर फिरतं. तिथे गुरुत्व जवळजवळ नव्वद टक्के शिल्लक असतंच, पण स्थानक, माणूस आणि थेंब सगळेच एकत्र पडत असल्यामुळे वजन म्हणून जाणवणारं उरतं ते पृथ्वीच्या सुमारे दहा लाखाव्या हिश्श्याइतकं. हे माप गुरुत्वाच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात वाढतं, म्हणजे हजारपट होतं. २.७ मिलिमीटरचे २.७ मीटर होतात. माणसाच्या उंचीहूनही जास्त. थोडक्यात, तिथे माणूस स्वतःच काचेच्या पट्टीवरच्या त्या बारीक थेंबाच्या जगात राहायला गेलेला असतो. लघवीची धार वेगात असेल तोवर पुढे जाते. वेग ओसरला की शेवटचा भाग मागे फिरून त्वचेला चिकटतो आणि गोळा होऊन तिथेच थरथरत बसतो. तो झटकला तर त्याचे दहा गोळे होतात.

मग हवेने ओढून घ्या, हे ओघानेच येतं, आणि सगळी शौचालयं तेच करतात. पण किती हवेने? ५ मिलिमीटर व्यासाचा थेंब साधारण ६५ मिलिग्रॅमचा. पृथ्वीवर त्याला खाली ओढणारा जोर ०.६ मिलिन्यूटनच्या आसपास. तेवढाच जोर हवेच्या झोताने लावायचा असेल तर झोत सेकंदाला सुमारे १० मीटर, म्हणजे ताशी ३६ किलोमीटर वेगाचा हवा. जमण्यासारखं आहे. आता ३ सेंटिमीटरचा मऊ, चिकट गोळा घ्या. वजन व्यासाच्या घनाने वाढतं आणि वाऱ्याला सापडणारं क्षेत्रफळ वर्गाने. व्यास सहापट झाला तर त्याच झोताचा जोर, वजनाच्या तुलनेत, एक षष्ठांश उरतो. म्हणजे जी गोष्ट सोडवायला सगळ्यात जास्त मदत लागते तिलाच हवा सगळ्यात कमी मदत करते. शिवाय ती चिकटते. झोत अडीचपट करावा तर पंखा मोठा, वीज जास्त, आवाज कान किटवणारा, आणि उघड्या त्वचेवर सतत गार वारा.

हा हिशोब मी नव्याने आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक अभियंत्याला कागदावर करायला लावतो. तो केला की पुढच्या सगळ्या रचना का तशा आहेत ते आपोआप कळतं.

बसण्याच्या जागेचं तोंड लहान का? कारण हवेचा वेग तोंडाच्या क्षेत्रफळावर अवलंबून असतो. नासाच्या जुन्या स्पेस शटल यानातल्या शौचालयाचं तोंड जेमतेम १० सेंटिमीटर होतं. घरातल्या कमोडच्या तोंडाला पुरेल इतकी हवा त्याच वेगाने ओढायची म्हटली तर पंखा कित्येक पटींनी मोठा लागेल. पण तोंड लहान केलं की माणसाने नेमकं मधोमध बसायला हवं, आणि तिथे तर तो बसतच नाही, तरंगतो. म्हणून शटलमध्ये मांड्यांवर स्प्रिंगने दाबून ठेवणारे दांडे होते, पायांना अडकवायची सोय होती, आणि जमिनीवरच्या सरावात आसनाखाली कॅमेरा लावून समोरच्या पडद्यावर स्वतःची जागा बरोबर आहे का ते पाहायला शिकवत. बाहेरच्या लोकांना हे ऐकून हसू येतं. मला त्यात रचनाकारांचा प्रामाणिकपणा दिसतो: यंत्र जे करू शकत नाही ते माणसाला शिकवावं लागेल हे त्यांनी मान्य केलं आणि त्याची सोय केली.

आणखी एक बारकावा. आसनावर शरीर घट्ट टेकलं की हवेला यायला वाटच उरत नाही, आणि हवा आली नाही तर झोतही नाही. म्हणून आसनाच्या कडेखाली बारीक फटी ठेवतात. त्यांतून हवा तिरकी आत शिरते आणि शरीरापासून दूर, आत लावलेल्या पिशवीच्या तळाकडे जाते. फटीचा कोन पाच-सात अंशांनी चुकला तर हवा भिंतीला धरून निघून जाते आणि मधला भाग शांत राहतो. कागदावर झोत पुरेसा दिसतो, प्रत्यक्षात काहीच सुटत नाही.

या फटी नव्हत्या, पंखा नव्हता, तेव्हा काय होतं? १९६१ च्या मे महिन्यात अमेरिकेचे पहिले अंतराळवीर अॅलन शेपर्ड जेमतेम पंधरा मिनिटांच्या उड्डाणासाठी गेले, म्हणून लघवीची सोयच केलेली नव्हती. उड्डाण सुरू व्हायलाच उशीर होत गेला, ते चार तासांहून जास्त वेळ कुपीत पडून राहिले आणि शेवटी त्यांना पोशाखातच मोकळं व्हावं लागलं. त्यानंतरच्या जेमिनी आणि अपोलो या अमेरिकी यानांच्या काळात शौचासाठी कडेला चिकटपट्टी असलेली पिशवी होती. ती शरीराला चिकटवायची. पिशवीला बोट घालायचा एक कप्पा होता, कारण सुटण्याचं काम बोटाने करायचं होतं. नंतर आत जंतुनाशकाची पुडी फोडून पिशवी बाहेरून मळायची, नाहीतर जंतूंमुळे वायू होऊन ती फुगली असती. या सगळ्याला पाऊण तास लागे. मे १९६९ मधल्या अपोलो १० च्या संभाषणाची जी नोंद उपलब्ध आहे तिच्यात यानात विष्ठेचा एक तुकडा तरंगताना दिसतो आणि तिघांतला प्रत्येक जण तो आपला नाही असं सांगतो. लोक हा प्रसंग गंमत म्हणून सांगतात. मी तो चाचणीचा निकाल म्हणून वाचतो. ज्या यंत्रणेत सुटण्याची जबाबदारी पूर्णपणे माणसाच्या बोटावर टाकली आहे ती यंत्रणा कधी ना कधी असंच करणार.

त्याचे परिणाम आरोग्यावर होतात. वापरायला लाज वाटेल, वेळ खाईल किंवा घाण होईल असं शौचालय दिलं की माणसं ते टाळतात. कमी खातात, कमी पितात, रोखून धरतात. वजनरहित अवस्थेत आधीच हाडांतून कॅल्शियम निघत असतं. त्यात पाणी कमी प्यायलं की मूतखड्याचा धोका वाढतो. म्हणून शौचालयाची सोय ही औषधपेटीइतकीच गरजेची आहे असं मी मानतो आणि प्रत्येक आढावा बैठकीत तसं सांगतो.

आता चौथं काम, हवा आणि द्रव वेगळं करणं. इथेच मी सगळ्यात जास्त वर्षं घालवली आहेत.

लघवीसाठी नळी असते आणि नळीच्या तोंडाला प्रत्येकाचं स्वतःचं नरसाळं. पंखा सुरू असतो, म्हणून हवा आणि लघवी मिसळून एकत्रच नळीत शिरतात. ही सगळी हवा केबिनमध्ये परत जायची असते, कारण केबिनची हवा मोजकीच आहे. म्हणजे पंख्यापर्यंत पोहोचण्याआधी तिच्यातला शेवटचा थेंबही काढायला हवा. पृथ्वीवर यासाठी एक टाकी पुरते: द्रव तळाला, हवा वर. तिथे तळच नाही. म्हणून एक फिरता पिंप वापरतात. मिश्रण आत आलं की फिरण्याच्या जोराने द्रव भिंतीकडे फेकला जातो, तिथे त्याचं कडं तयार होतं, आणि मधून हवा निघून जाते. त्या फिरत्या कड्यात एक न फिरणारी वाकडी नळी बुडवलेली असते. फिरणारा द्रव स्वतःच्याच वेगाने तिच्यात घुसतो आणि पुढे टाकीकडे ढकलला जातो. नंतर हवा दुर्गंधी शोषणाऱ्या कोळशातून आणि जंतू अडवणाऱ्या गाळणीतून जाऊन केबिनमध्ये परतते.

वाचायला सोपं आहे. पण लघवी म्हणजे पाणी नव्हे. तिला फेस येतो. फेस ना धड हवा ना धड द्रव, त्यामुळे तो पिंपाच्या मध्यातच रेंगाळतो आणि हवेबरोबर पंख्याकडे जायला बघतो. एका वेळी दोनशे मिलिलिटर येतात तर कधी सातशे. कधी नुसती हवाच ओढली जाते आणि ते कडं तुटतं. एकाने वापरल्यावर दोन मिनिटांत दुसरा येतो, तेव्हा आधीचा द्रव पूर्ण गेलेला नसतो. या सगळ्या परिस्थितींत पिंपाने चुकायचं नाही. मे २००८ मध्ये आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानकाच्या झ्वेझ्दा या रशियन भागातल्या शौचालयाची नेमकी हीच हवा आणि द्रव वेगळं करणारी यंत्रणा बिघडली. जूनमध्ये डिस्कव्हरी शटलने सुटा भाग पोहोचवेपर्यंत अंतराळवीरांना तात्पुरत्या उपायांवर दिवस काढावे लागले.

चाचणी कशी करतात, असंही लोक विचारतात. विमान उंच नेऊन चेंडू फेकल्यासारख्या मार्गाने उडवतात, त्यात दरवेळी वीस ते पंचवीस सेकंद वजनरहित अवस्था मिळते. अशाच एका उड्डाणातलं दृश्य अजून डोळ्यांसमोर आहे. पारदर्शक पेटी, आत त्वचेसारखा सिलिकॉनचा तुकडा, समोर नरसाळं, आणि पिचकारीतून सोडायचं रंगीत पाणी. धार सुरू झाली, छान आत गेली. धार संपली आणि शेवटचे दोन-तीन मिलिलिटर सिलिकॉनवर बसून राहिले. मी हातमोज्याच्या टोकाने तो गोळा नरसाळ्याकडे ढकलायला गेलो, तर तो नरसाळं सोडून माझ्या बोटावर आला, बोटावरून दोन बोटांच्या बेचक्यात शिरला आणि मोज्याच्या चुण्यांमधून मनगटाकडे सरकत गेला. शांतपणे, कुणी वाट दाखवल्यासारखा. कोन जितका अरुंद तितका द्रव त्यात आपणहून ओढला जातो हे मला पुस्तकातून माहीत होतं. हातावर ते त्या दिवशी कळलं. मग विमान वर वळलं, वजन दुप्पट झालं, आणि सगळं पेटीच्या तळाला आपटलं.

त्या पाण्याने एक गोष्ट शिकवली. नरसाळ्याची कड कुठेही गुळगुळीत गोल ठेवून चालत नाही. तिच्यात मुद्दाम अरुंद खाचा ठेवायच्या, म्हणजे शेवटचे थेंब त्या खाचांत स्वतःहून शिरतात आणि तिथून हवा त्यांना उचलते. पृष्ठताण शत्रू आहे असं सुरुवातीला वाटतं. त्याला वाट करून दिली की तोच फुकटात काम करतो, आणि तो कधी बिघडत नाही.

पण अशा उड्डाणांवर पूर्ण भरवसा ठेवू नये. विमान थरथरतं, त्यामुळे प्रत्यक्षात शंभराव्या हिश्श्याइतकं वजन उरतंच. वरचाच हिशोब केला तर थेंबाचं ते माप २७ मिलिमीटर येतं, २.७ मीटर नव्हे. लहान थेंब खरे वागतात, मोठे गोळे फसवतात. आणि वीस सेकंदांत शौचाची खरी चाचणी होऊ शकत नाही हे उघड आहे. घन पदार्थासाठी आम्ही सोयाबीनची आंबवलेली लगदी, इसबगोल, सेल्युलोज, मीठ असं मिश्रण करतो. त्याचा घट्टपणा आणि चिकटपणा कमी-जास्त करून अतिसारापासून बद्धकोष्ठापर्यंत सगळ्या अवस्था तपासतात. यानात पहिले काही दिवस बऱ्याच जणांचं पोट आणि डोकं दोन्ही बिघडलेलं असतं, तेव्हा फक्त आदर्श अवस्थेला पुरणारी रचना कामाची नाही.

पुढचा भाग रसायनाचा, आणि मला विचाराल तर सगळ्यात शिकवणारा. लघवी नुसती टाकीत ठेवली तर जंतू तिच्यातल्या युरियाचा अमोनिया करतात. बंद केबिनमध्ये अमोनिया विषारी, शिवाय त्यामुळे क्षार खाली बसून नळ्या तुंबतात. म्हणून नळीतच थोडं पाणी आणि त्याबरोबर तीव्र आम्ल आणि क्रोमियमचं संयुग मिसळतात. ते मिश्रण इतकं जहाल असतं की साधे धातू टिकत नाहीत. नव्या शौचालयातले काही भाग टायटॅनियमचे, त्रिमितीय छपाईने बनवलेले आहेत ते त्यामुळेच.

नोव्हेंबर २००८ मध्ये स्थानकावर लघवीपासून पाणी काढणारं यंत्र पोहोचलं. कमी दाबाखाली फिरत्या पिंपात लघवीची वाफ करायची, वाफ थंड करून पाणी घ्यायचं. लघवीतलं ८५ टक्के पाणी परत मिळेल असा आराखडा होता. जमिनीवरच्या चाचण्यांत ते जमलंही होतं. वर गेल्यावर वर्षभरातच यंत्राच्या आत खडूसारखा घट्ट थर बसला. तो होता कॅल्शियम सल्फेट. कारण समजलं तेव्हा ते सरळ होतं: जमिनीवरच्या चाचणीला लघवी दिली होती जमिनीवरच्या माणसांनी. त्यांची हाडं शाबूत होती. अंतराळवीरांच्या हाडांतून कॅल्शियम सुटत असतं आणि ते लघवीतून बाहेर पडतं. त्यात आम्ल वापरलं होतं सल्फ्युरिक, म्हणजे सल्फेटही आपणच घालत होतो. काही काळ पाणी काढण्याचं प्रमाण सत्तर-पंचाहत्तर टक्क्यांवर आणावं लागलं. पुढे सल्फ्युरिकच्या जागी फॉस्फरिक आम्ल आलं आणि ८५ टक्क्यांच्या वर जाता आलं. नंतर उरलेल्या खारट गाळातूनही पाणी काढणारं यंत्र जोडलं गेलं आणि २०२३ मध्ये स्थानकाने पाण्याचा ९८ टक्के पुनर्वापर साधल्याचं नासाने जाहीर केलं.

शौचालयाची रचना करणाऱ्याने हाडांचाही अभ्यास करावा लागतो, हे मला कुणी विद्यार्थिदशेत सांगितलं असतं तर पटलं नसतं.

आता तिसरा प्रश्न, बाहेरच का सोडत नाहीत. पूर्वी सोडत. शटलमधून जास्तीचं पाणी आणि लघवी बाहेर फवारली जाई. १९८४ मध्ये डिस्कव्हरीच्या पहिल्याच उड्डाणात त्या तोंडाशी बर्फाचा मोठा सुळका जमला. परतीच्या वेळी तो तुटून यानाच्या उष्णतारोधक आवरणावर आदळण्याची भीती होती. हेन्री हार्ट्सफील्ड यांनी यानाच्या यांत्रिक हाताने तो ठोकून पाडला. त्यानंतर पुन्हा बर्फ जमू नये म्हणून लघवी बाहेर टाकणं थांबलं, आणि उरलेले दिवस दलाला जुन्या पद्धतीच्या पिशव्यांवर काढावे लागले. दुसरं, बाहेर टाकलेले कण यानाबरोबरच कक्षेत फिरतात आणि भिंगांवर, सौरपत्र्यांवर बसतात. तिसरं कारण सगळ्यात मोठं: ते पाणी आहे. एक माणूस दिवसाला दीड लिटरच्या आसपास लघवी करतो. तेवढं पाणी पृथ्वीवरून वर न्यायचा खर्च पाहिला तर ते टाकून देण्याचा विचारही मनात येत नाही.

निर्वात पोकळीचा उपयोग घन मल वाळवण्यासाठी मात्र झाला आहे. १९७३ च्या स्कायलॅब या अमेरिकी स्थानकात पिशव्या पोकळीत वाळवून वैद्यकीय तपासणीसाठी परत आणल्या. शटलमध्येही टाकी वापरानंतर पोकळीला उघडत. पण तिथे सुरुवातीला आत वेगाने फिरणारी पाती होती, मल भिंतीवर पसरवायला. वाळलेल्या मलाचे बारीक कण उडून परत वर येऊ लागले. माझ्या मते ही रचनेची मूळ चूक होती: ज्या जागी काहीच खाली बसत नाही तिथे कोणत्याही गोष्टीचे बारीक तुकडे करू नयेत. आज स्थानकावर प्रत्येक वेळी नवी, हवा जाऊ देणारी पिशवी लावतात, वापर झाला की तिचं तोंड बंद करून डब्यात दाबतात. भरलेले डबे मालवाहू यानात ठेवतात आणि ते यान वातावरणात शिरताना जळून जातं. साधं आहे, आणि साधं आहे म्हणूनच चालतं.

खर्चाबद्दल थोडक्यात. स्थानकासाठी रशियन बनावटीचं दुसरं शौचालय घेतलं ते १ कोटी ९० लाख डॉलरला. त्यानंतरचं नवं शौचालय ऑक्टोबर २०२० मध्ये कल्पना चावला यांचं नाव दिलेल्या सिग्नस मालयानातून वर गेलं. त्याचा खर्च २ कोटी ३० लाख डॉलर. आधीच्यापेक्षा ते आकाराने ६५ टक्के लहान आणि वजनाने ४० टक्के हलकं आहे, झाकण उघडलं की हवेचा झोत आपोआप सुरू होतो. आकडा मोठा दिसतो कारण तो दोन-चार नगांवर वाटला जातो. पैसा जातो तो चाचण्यांत, जहाल आम्लात टिकणाऱ्या भागांत, आणि एकही थेंब चुकीच्या जागी जाणार नाही हे सिद्ध करण्यात. या रचनेत एक गोष्ट मला मनापासून आवडते: आसन आणि नरसाळं यांचे आकार स्त्री अंतराळवीरांच्या सूचनांवरून बदलले, म्हणजे दोन्ही एकाच वेळी वापरता येतात. आधीच्या रचनांत ते अवघड होतं, आणि ती अडचण कित्येक वर्षं स्त्रियांनी निमूटपणे सोसली. यंत्र चालतं एवढं पुरेसं नाही, कुणाच्या शरीरासाठी चालतं हे विचारायला हवं होतं.

एकही थेंब चुकीच्या जागी जाऊ नये असं म्हणतो, त्याचं अलीकडचं उदाहरण सप्टेंबर २०२१ चं. स्पेसएक्स या खासगी कंपनीच्या ड्रॅगन यानातून झालेल्या इन्स्पिरेशन-४ उड्डाणात लघवीच्या टाकीकडे जाणारी एक नळी जोडातून निसटली आणि लघवी जमिनीखालच्या पंख्याच्या भागात गेली. वर केबिनमध्ये कुणाला पत्ताही लागला नाही. पृथ्वीवर गळती झाली की टपटप ऐकू येते, ओल दिसते, डबकं साचतं. तिथे यातलं काहीच नाही. द्रव शांतपणे जवळच्या कोपऱ्यात जाऊन बसतो. जमिनीवर यान उघडलं तेव्हा कळलं. मग स्थानकाला जोडलेल्या दुसऱ्या ड्रॅगन यानातही तोच दोष निघाला, आणि नोव्हेंबरमध्ये त्यातून परतणाऱ्या चौघांना शौचालय न वापरता, शोषक अंतर्वस्त्रांवर प्रवास करावा लागला. लघवीत मिसळलेल्या रसायनाने यानाचं अॅल्युमिनियम झिजेल का, याच्या जमिनीवर वेगळ्या चाचण्या कराव्या लागल्या. पुढे चिकटवलेल्या जोडाच्या जागी वितळजोड (वेल्डिंग) केलेली रचना आली. फिरता पिंप नाही, आम्ल नाही, प्रगत काही नाही. एक साधा जोड.

मी स्वतः केलेल्या एका रचनेतही असाच एक जोड होता. पकडपट्टी घट्ट बसली की नाही ते फक्त डोळ्यांनी पाहून ठरवायचं होतं, आणि ती जागा हाताच्या आड जाणारी. चाचणीत तो जोड सुटला. तेव्हापासून माझा नियम आहे की पट्टी बसल्याचं बोटाला कळलं पाहिजे, हातमोजा घातलेल्या बोटालासुद्धा, अंधारातसुद्धा.

शेवटी चंद्राबद्दल, कारण आता काम तिकडेच चाललं आहे. तिथे गुरुत्व एक षष्ठांश. थेंबाचं ते माप ६.६ मिलिमीटर येतं. म्हणजे गोष्टी सुटतात आणि पडतात, पण सावकाश, आणि शिंतोडे पृथ्वीपेक्षा सहापट उंच उडतात. जाताना आणि येताना मात्र पूर्ण वजनरहित अवस्था. नासाने २०२० मध्ये चांद्रशौचालयाच्या कल्पना जगभरातून मागवल्या तेव्हा दोन्ही अवस्थांत चालणारी रचना हीच अट होती. वजनरहित अवस्थेसाठी लहान तोंड आणि जोरदार झोत हवा. चंद्रावर मोठं तोंड आणि शिंतोडे अडवणारी खोली हवी. सध्या आम्ही एकाच आसनावर बदलता येणारी आतली कड करून पाहतो आहोत. कड बसवताना ती शेवटी टक्‌ करून बोटाला जाणवते. खाचांची रुंदी अजून ठरलेली नाही. अरुंद ठेवल्या तर द्रव छान ओढतात, पण चंद्रावरची धूळ शिरली की बुजतात, आणि त्या धुळीसारखी भुकटी टाकून केलेल्या पहिल्या चाचणीत सोळापैकी पाच बुजल्या.